बारकसहून बोलावणं आलं तर

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मुसलमान शेजाऱ्याच्या घरून लग्नाचं, वलीम्याचं किंवा इफ्तारचं बोलावणं येणं नवं नाही. पण हे बोलावणं बारकसमधल्या एखाद्या अरब वंशाच्या घरून आलं, तर थोडी तयारी करून जावं. कपडे आणि भेटवस्तू यांची तयारी सोपी असते. रीत समजून घेण्याची तयारी जास्त महत्त्वाची. या घरांत पाहुण्याला काही न विचारता भरपूर दिलं जातं, आणि ते कसं घ्यायचं हे ठाऊक नसलं की आपण संकोचाने म्हटलेलं ‘नको’ समोरच्याला लागतं. ‘राहू द्या हो, आत्ताच जेवून आलोय’ हे आपल्याकडे सभ्यतेचं वाक्य आहे. ते तीनदा म्हणायचं आणि चौथ्यांदा वाढून घ्यायचं, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. अरब घरात पहिल्या घोटालाच नकार दिला तर यजमानाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

चारमिनारच्या दक्षिणेला, चंद्रायणगुट्टा ओलांडलं की बारकस लागतं. निजामाच्या अरब शिपायांच्या बराकी इथे होत्या, त्यावरून वस्तीला हे नाव पडलं. हे शिपाई येमेनच्या हद्रामौत प्रांतातून आले. त्यांतले काही आधी आपल्याकडेच नोकरीला होते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत अरब होते, आणि १८१८ साली मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तोही अरब शिबंदीने. मराठ्यांची राज्यं गेल्यावर त्यांना मोठा आसरा उरला तो हैदराबादचा. इथे अरब जमादारांचं वजन इतकं वाढलं, की उमर बिन अवध अल-कुऐती या जमादाराच्या घराण्याने हैदराबादच्या कमाईवर हद्रामौतच्या किनाऱ्यावर स्वतःचं राज्य उभं केलं. ते १९६७पर्यंत टिकलं. सप्टेंबर १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर निजामाचं सैन्य मोडलं. काही अरब परत गेले, पण ज्यांची पिढ्यान् पिढ्यांची घरं इथे होती ते इथलेच झाले. मराठवाड्यातल्या वाचकांना त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या भागांतली चाऊस मंडळी याच मुळाची. म्हणजे आपण ज्यांच्याकडे जेवायला निघालो आहोत, ते परके नाहीत. फक्त त्यांच्या घरात एक रीत समुद्रापलीकडून आलेली आहे आणि ती त्यांनी जपली आहे.

ही रीत इस्लामपेक्षाही जुनी. लहानपणी आपण ज्या हातिमताईच्या गोष्टी वाचल्या, तो हातिम सहाव्या शतकातला, तय्य टोळीतला अरब. दारी पाहुणा आला आणि घरात काही नव्हतं तेव्हा त्याने आपला घोडा कापला, अशी त्याची ख्याती. वाळवंटात वाट चुकलेल्या माणसाला तंबूत घेतलं नाही तर तो मरतो, आणि उद्या वाट चुकणारे आपण असू शकतो. या साध्या हिशेबावर तो पाहुणचार उभा आहे. पुढे इस्लामने त्याला मर्यादाही घातली: पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा, त्यानंतर जे मिळेल ते दान. हदीसमध्ये पाहुण्यालाही बजावलं आहे, की यजमानाची अडचण होईल इतकं राहू नये. दोन्ही बाजूंना बांधणारी ही व्यवस्था आहे आणि तिच्यात पाहुण्याचंही काम ठरलेलं आहे. ते काम म्हणजे मोकळ्या मनाने घेणं आणि वेळेवर उठणं.

दारात आणि बैठकीत

दारावरची घंटी वाजवून थोडं बाजूला उभं राहा, दाराच्या अगदी समोर नको. दार उघडताच आतलं सगळं घर दिसावं हे या घरांत आवडत नाही. जोडे बाहेर. ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटलंत तर चेहरे खुलतील, ‘आदाब’ किंवा ‘नमस्ते’ही मनापासून स्वीकारलं जातं. पुरुषांशी हस्तांदोलन करा. बायकांसमोर हात पुढे करू नका, उजवा हात छातीशी नेऊन मान लववली की पुरे. हा नियम मराठी बायकांनीही यजमान पुरुषांच्या बाबतीत पाळावा. समोरून हात आला तरच आपला द्यावा.

नवरा-बायको दोघं गेलात तर बहुतेक घरांत तुमची बैठक वेगवेगळी होईल. पुरुष मर्दान्यात, बायका आत. हे आधीच ठाऊक असलं तर अवघडल्यासारखं होत नाही. माझं मत विचाराल तर आतली बैठक जास्त रंगते. तिथे स्वयंपाकघर जवळ असतं, पाककृती उघडपणे सांगितल्या जातात आणि पोरांचे लाड होतात. बारकसमध्ये घरोघरी बोलली जाते ती हैदराबादी उर्दूच, त्यामुळे भाषेची अडचण पडत नाही. वयस्कर बाईंना ‘खाला’, बरोबरीच्या किंवा थोड्या मोठ्या बाईला ‘आपा’, पुरुषांना ‘भाई’ किंवा ‘साहब’ म्हणा. ‘चाऊस’ ही हाक हैदराबादेत सर्रास ऐकू येते, पण ओळख जुनी नसेल तर आपण ती वापरू नये.

गादीवर बसलात तर मांडी घाला किंवा पाय एका बाजूला दुमडून घ्या. पायाचे तळवे कुणाच्या तोंडासमोर येऊ देऊ नका. भिंतीवरची तलवार, दाराशी ठेवलेली उदाची धुपाटणी, खास किटली यांचं कौतुक जरूर करा, पण एकाच वस्तूमागे लागू नका. पाहुण्याला एखादी वस्तू फार आवडली असं दिसलं, तर ती त्याला देऊन टाकावी असं वाटणारे यजमान या समाजात आजही आहेत.

पहिला घोट

आपल्याकडे पूर्वी आल्या पाहुण्याला गूळ-पाणी देत. अरबांकडे ती जागा खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, यांची. कॉफीची ही सगळी रीत पाचेकशे वर्षांची. पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींनी रात्रीच्या जपासाठी कॉफी प्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मोखा बंदरातून ती जगभर गेली. चिकमंगळूरच्या डोंगरावर बाबा बुदन यांनी पेरलेल्या बिया मोख्याहूनच आणल्या होत्या, असं परंपरा सांगते. अरबी कॉफी आणि ती देण्याची रीत २०१५ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. बैठकीची, म्हणजे मजलिसची नोंदही त्याच वर्षी झाली.

आखाती घरांमध्ये गहवा देण्याचे नियम काटेकोर असतात. देणारा डाव्या हातात चोच असलेली किटली धरतो आणि उजव्या हाताने कानाशिवायचा छोटा पेला पुढे करतो. आधी सर्वांत मान्यवर किंवा वयस्कर पाहुणा, मग उजवीकडून पुढे. पेल्यात कॉफी चतुर्थांश, फार तर तिसरा हिस्सा. ती कमी वाटली म्हणून गैरसमज करून घेऊ नका. पेला काठोकाठ भरणं म्हणजे ‘प्या आणि निघा’ असं सांगणं. थोडं थोडं पुन्हा पुन्हा ओतण्यातच आदर आहे. पेला उजव्या हातानेच घ्यायचा. एक पेला घेणं हा शिष्टाचार, तीन म्हणजे पुरेसा मान. नको असेल तेव्हा तोंडाने नकार द्यायची गरज नसते. रिकामा पेला बोटांत धरून दोन-तीनदा हलवायचा आणि परत करायचा. तोवर देणारा ओतत राहील, आणि तो तसाच उभा राहून वाट बघतो हे लक्षात असू द्या.

बारकसच्या प्रत्येक घरात इतकं काटेकोर होईल असं नाही. दोनशे वर्षांत या घरांनी हैदराबादचं पाणी प्यायलं आहे, आणि बऱ्याचदा तुमच्यासमोर चहाच येईल. तोही उजव्या हाताने घ्या आणि पहिला कप संपवा. तुम्ही चहा-कॉफी घेतच नसाल तर खजूर उचला, पाण्याचा पेला घ्या. काहीतरी हातात घेतलं आणि तोंडाला लावलं, की यजमानाच्या जिवाला बरं वाटतं.

एका थाळाभोवती

आता जेवण. सतरंजीवर दस्तरख्वान अंथरतात. हात धुवायला बेसिनकडे नेतील, जुन्या घरात तस्त आणि तोटीचा तांब्या तुमच्यापर्यंत आणतील. लहान मुलगा हातावर पाणी घालत असेल तर ते त्याला घालू द्या. पाहुण्याच्या हातावर पाणी घालणं हे मुलांना शिकवलेलं काम आहे.

बारकसचं नाव आज हैदराबादभर आणि पुण्या-मुंबईपर्यंत गेलं ते मंदीमुळे. मंदी मूळची हद्रामौतची. जमिनीतल्या खोल भट्टीत तळाशी तांदळाचं पातेलं ठेवतात, वर बकऱ्याचं मांस लटकवतात आणि भट्टीचं तोंड बंद करतात. मंद आचेवर शिजताना मांसाचा रस थेंब थेंब भातात उतरतो. तिखट जवळजवळ नाही. काळी मिरी, वेलची, लवंग, जिरं, थोडी हळद आणि धुराचा वास, एवढ्यावर सगळं उभं असतं. बिर्याणीच्या सवयीच्या जिभेला पहिले दोन घास फिके वाटतात, तिसऱ्याला चव कळायला लागते. घाईने मिरचीची चटणी ओढून घेऊ नका. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आखातातून परतलेल्या लोकांनी इथे मंदीची हॉटेलं काढली आणि बारकसच्या रस्त्यावर त्यांची रांग लागली. घरचं बोलावणं येण्याआधी यांपैकी एखाद्या ठिकाणी एकदा जाऊन या, हा माझा आग्रहाचा सल्ला. जमिनीवर बसून चौघांनी एका थाळात जेवायचं म्हणजे काय, याचा सराव तिथे होतो.

थाळाचे नियम फार नाहीत, पण ते पाळायलाच हवेत. यजमान ‘बिस्मिल्लाह कीजिए’ म्हणेपर्यंत हात घालायचा नाही. उजव्या हातानेच खायचं. डावखुऱ्यांनीही इथे उजवा वापरावा, आणि ते जमत नसेल तर चमचा मागून उजव्या हातात धरावा. आपल्यासमोरच्या भागातलंच घ्यायचं, समोरच्याच्या बाजूला हात न्यायचा नाही आणि मधला ढीग उपसायचा नाही. जेवणाची बरकत मध्यभागी उतरते, म्हणून कडेकडेने खात यावं अशी शिकवण आहे. मांस मध्यावर असतं. ते पाहुण्याने स्वतः ओढून घ्यायचं नसतं. यजमान किंवा घरातला वडीलधारा ते तोडून तुमच्यासमोर ठेवेल, आणि उत्तम तुकडा तुमच्याच वाट्याला येईल. इथे आपला मराठी संकोच आड येतो. तो तुकडा परत त्यांच्याकडे सरकवू नका. घ्या, आणि ‘शुक्रिया’ म्हणा.

काही जुन्या वळणाच्या घरांत यजमान पाहुण्यांबरोबर बसतच नाही. उभा राहून वाढतो, पाण्याचा पेला भरतो, आणि पाहुणे उठल्यावर जेवतो. अशा वेळी ‘तुम्हीही बसा’ असं एकदा म्हणावं. पुन्हा पुन्हा म्हणून त्याला अवघड करू नये. तो बसला असेल तर तुमच्या आधी हात आखडता घेणार नाही. तुम्ही उपाशी राहू नये म्हणून तो पोट भरल्यावरही एकेक शीत खात राहील. म्हणून पोट भरलं की स्पष्ट थांबा. ‘अलहम्दुलिल्लाह, बहुत हो गया’ असं म्हणून हात मागे घेतला, की तो खरा शेवट मानतात. थाळात उरलेलं अन्न पाहून मनाला लावून घेऊ नका. थाळ मुद्दामच जास्तीचा भरलेला असतो आणि उरलेलं घरच्यांना जातं. म्हणूनही आपण कडेने खायचं.

लग्नाचं बोलावणं असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. हैदराबादी लग्नात जेवण फार उशिरा, कधी मध्यरात्रीच्या सुमाराला लागतं, तेव्हा लहान मुलांना घरूनच भरवून न्या. आणि मर्फा वाजू लागला की जागेवरून उठून जवळ जाऊन ऐका. हा ताल अरब आणि हबशी शिपायांबरोबर आलेला आहे. जेवणाची सुरुवात बहुधा मरगने होते. हाडासकट मांसाचा पातळ, काळ्या मिरीचा हा रस्सा अरबांकडून हैदराबादच्या लग्नघरात आला आणि तिथला मानकरी झाला. तो वाटीनेच प्यायचा.

नाश्त्याला बोलावलं तर हरीस मिळण्याची शक्यता आहे. गहू आणि मांस रात्रभर शिजवून, घोटून एकजीव केलेला हा पदार्थ दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकपुस्तकातही सापडतो. मीठ सोडलं तर मसाला जवळपास नाही. बारकसची खासियत अशी, की इथे हरीस गोडही मिळते. हैदराबादची प्रसिद्ध हलीम हे याच हरीसचं डाळी, मसाले आणि तूप घातलेलं रूप. सहाव्या निजामाच्या काळात ती अरबांबरोबर इथे आली. सुलतान सैफ नवाज जंग यांच्या मेजवान्यांतून तिला नाव मिळालं, आणि हे सैफ नवाज जंग वर उल्लेखलेल्या कुऐती घराण्यातलेच. २०१० साली हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालेला तो देशातला पहिला सामिष पदार्थ. हलीमचं कौतुक सगळीकडे होतं. मला विचाराल तर पाहुणा म्हणून गेल्यावर हरीस आधी मागावी.

शाकाहारी पाहुण्यांनी

मराठी वाचकांपैकी पुष्कळ जण इथे अडतील. कृपा करून बोलावणं स्वीकारतानाच सांगा. ‘हम गोश्त, मुर्गी, अंडा नहीं खाते’ असं साधं, पूर्ण वाक्य म्हणा. नुसतं ‘व्हेज’ म्हटल्यावर कधी कधी मांसाच्या रश्श्यातली भाजी पुढे येते, आणि ती मुद्दाम फसवणूक नसते. हैदराबादी स्वयंपाकात तुमच्यासाठी भरपूर आहे: बगारा खाना, बघारे बैंगन, मिरची का सालन, खट्टी दाल, खुबानी का मीठा. यजमानीणबाई ते आनंदाने वेगळ्या भांड्यात करतील. बसल्यावर सांगितलं तर मात्र त्यांची पळापळ होते आणि पाहुण्याला काही देता आलं नाही ही खंत त्यांना बरेच दिवस राहते. वेगळी ताटली हवी असेल तर तीही आधीच सांगा. शेजारच्या थाळात काय आहे याकडे नाक मुरडून बघायचं नाही. ते बघवणार नसेल, तर जेवणाऐवजी संध्याकाळच्या चहाला येतो म्हणावं. तेही मानाचंच येणं आहे.

रमजान आणि निरोप

इफ्तारला बोलावलं असेल तर सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी पोहोचा, उशीर अजिबात नको. इतर जेवणाला थोडा उशीर चालतो, इफ्तारला चालत नाही. समोर फळं, भजी, खजूर मांडलेलं असेल आणि कुणी हात लावणार नाही. अजान झाली की आधी खजूर आणि पाणी. त्यानंतर यजमान मगरिबच्या नमाजाला उठतील, दहा-पंधरा मिनिटं. तुम्ही शांत बसून राहा, गप्पा हळू आवाजात. खरं जेवण त्यानंतर.

जेवणानंतर चहा किंवा गहवा येईल, आणि काही घरांत शेवटी उदाची धुनी. धुपाटणीतल्या निखाऱ्यावर सुगंधी लाकडाचा तुकडा ठेवून ती पाहुण्यांत फिरवतात. धूर हाताने आपल्या कपड्यांकडे ओढून घ्यायचा, ओढणी किंवा पदर त्यावर क्षणभर धरायचा. दम्याचा त्रास असेल तर नम्रपणे सांगा, कुणी वाईट मानणार नाही. ऊद फिरला की बैठक संपली असं अरबांत समजतात. यजमान ‘अभी तो आए हैं’ म्हणतील, तरी निघावं.

त्यांच्या घरी जाताना काय न्यावं? मिठाई, चांगला खजूर, सुका मेवा. बेगमबाजारात हे सगळं मिळतं. आपल्याकडची बाकरवडी किंवा चिवडा नेलात तर त्याचं जास्त अप्रूप वाटेल. जिलेटीन घातलेल्या मिठाया आणि मद्यार्क असलेली चॉकलेटं टाळा. पेरू मात्र नेऊ नका. बारकसचे जाम, म्हणजे आपले पेरू, सगळ्या शहरात नावाजलेले आहेत. उलट परतताना एखादी पिशवी तुमच्याच हातात पडेल. कुणी हद्रामौतचा मध दिला, तर तो साधी भेट समजू नका. दोअनच्या खोऱ्यातला बोरीच्या फुलांचा मध अरब जगात फार महाग आणि मानाचा असतो.

तुमच्या घरी अरब पाहुणे

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची, आणि आपण तिकडे कमी लक्ष देतो. हैदराबादेत येमेन, ओमान, सुदान, इराक इथले लोक शिकायला आणि उपचारांना येतात. मोठ्या खासगी रुग्णालयांत अरबी दुभाषे असतात, इफ्लू आणि उस्मानिया विद्यापीठात अरब विद्यार्थी दिसतात. पुण्यातही ते आहेत. घरापासून दूर असलेल्या या माणसांना आपण जेवायला बोलावलं तर त्यांच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट असते.

काय करावं? आपलं शाकाहारी जेवण. हलालचा प्रश्नच येत नाही. मांसाहारी घर असेल आणि हलाल दुकानातून मटण आणलं असेल तर ते बोलता बोलता सांगा, म्हणजे त्यांना विचारावं लागत नाही. पुरणपोळी आणि वर साजूक तुपाची धार हे या पाहुण्यांना बिनशर्त आवडणारं आहे, कारण येमेनमध्ये पापुद्र्याच्या भाकरीवर तूप आणि मध ओतून खातात. मसालेभात, बटाट्याची भाजी, कोथिंबीर वडी, श्रीखंड, सगळं चालेल. बारकसच्या घरांना तिखट सोसतं, थेट अरब देशांतून आलेल्यांना नाही. त्यांच्यासाठी मिरची निम्मी करा. दारू टेबलावर नको, आणि पदार्थातही नको.

एक नाजूक गोष्ट. देवाला दाखवलेला नैवेद्य बरेच मुसलमान घेत नाहीत. त्यांच्यासाठीचं जेवण नैवेद्याआधीच बाजूला काढून ठेवा आणि तसं सांगा. प्रसाद पुढे करून त्यांना अडचणीत टाकू नका. जेवणाची वेळ नमाजाच्या वेळेवर येत असेल तर एक स्वच्छ खोली किंवा कोपरा मोकळा ठेवा, धुतलेली चादर द्या आणि हात-पाय धुवायची जागा दाखवा. किब्ल्याची दिशा हैदराबादेतून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली. हे आपण होऊन सांगितलंत तर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जातो.

वाढण्याचा आग्रह आपल्याला शिकवावा लागत नाही. फक्त आग्रह कुठे थांबवायचा ते बघा. अरब पाहुणा पहिल्यांदा नाही म्हणतो तेव्हा पुन्हा विचारावं, तिसऱ्या नकारानंतर सोडावं. पाहुण्याला एकटं जेवायला बसवून घरच्यांनी स्वयंपाकघरात जाऊ नये, त्यांना ते फार खटकतं.

आणि त्यांना गहवा करून द्या. कॉफी पावडर बिनचिकोरीची हवी. आपल्या फिल्टर कॉफीच्या पुड्यात बहुधा चिकोरी असते, म्हणून दुकानदाराला निक्षून सांगा. हलकी भाजलेली, सोनेरी रंगाची बी जाडसर दळून घ्या. काळपट भाजलेली चालणार नाही. पाऊण लिटर पाणी उकळा, त्यात तीन मोठे चमचे कॉफी घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा. आच बंद करण्याआधी दहा-बारा वेलच्या कुटून टाका, केशराच्या चार-सहा काड्या घाला. पाच मिनिटं न हलवता झाकून ठेवा, गाळ खाली बसेल. वरचं निवळ पाणी अलगद थर्मासमध्ये गाळून घ्या. साखर नाही, दूध नाही. गोडवा खजुरातून येतो, म्हणून खजूर आधी. रंग फिका पिवळसर आला तर जमली. पाहुणा येमेनचा असेल तर चिमूटभर सुंठ घाला. तिकडे कॉफीच्या टरफलांचा सुंठ घातलेला काढा, किश्र, रोज पितात. इराक किंवा सीरियाचा असेल तर त्याला दाट काळी कॉफी जवळची. सुदानी पाहुण्याला आल्याची. कुठले आहात हे विचारूनच चूल पेटवा.

छोटे पेले नसतील तर घरातल्या लहान वाट्या चालतील. थोडीच ओता, उजव्या हाताने द्या, आणि पेला हलवेपर्यंत विचारत राहा.

हॉटेलात बोलावणार असाल तर पैसे आधीच गल्ल्यावर देऊन ठेवा, नाहीतर बिलावरून ओढाताण होते. बोलावणाऱ्यानेच द्यायचे, यावर ते ठाम असतात. बारकसच्या घरी जेवून आला असाल तर महिन्याभरात त्यांना तुमच्या घरी बोलवा. परतीचं बोलावणं त्यांच्याकडे फार मोलाचं मानतात, आणि आपल्याकडून तेच बहुतेकदा राहून जातं.